टोपणाला बाराने गुणलं की काय होतं

पाण्याच्या बाटलीचं टोपण बाहुलीघरात वाटी म्हणून शोभत नाही. सुरुवातीलाच हे सांगून टाकते कारण टाकाऊ वस्तूंपासून मिनिएचर करायचे जितके व्हिडिओ बघावेत तितक्यांत ते टोपण रंगवून जेवणाच्या टेबलावर वाटी म्हणून ठेवलेलं असतं, आणि बघताना काहीतरी खटकत राहतं पण नेमकं काय ते पटकन कळत नाही. टोपणाचा व्यास असतो साधारण ३० मिलिमीटर. बाहुलीघरांचं सगळ्यात जास्त चालणारं स्केल आहे एकास बारा, म्हणजे खऱ्या जगातला एक फूट तिथे एक इंच. आता ३० ला १२ ने गुणा, ३६० मिलिमीटर, म्हणजे ३६ सेंटिमीटर. एवढी वाटी कोण वापरतं? हा झाला कपडे भिजवायचा टब. तेच टोपण टेबलावरून उचलून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवा, दोन बाजूंना तारेच्या कड्या लावा, आत कापडाचा एक ओला दिसणारा बोळा टाका, आणि मग बघा ते कसं पटकन खरं वाटायला लागतं ते.

माझं या छंदातलं जवळजवळ सगळं काम या एका गुणाकारावर चालतं. घरातली कुठलीही वस्तू टाकायच्या आधी मी तिला बाराने गुणते. टाकाऊ वस्तूंबद्दल मला मनापासून वाटतं ते हे की त्या आधीच इतक्या सफाईने बनलेल्या असतात की आपल्या हाताने तेवढी सफाई येणं कठीण, म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिपमधला तो एकेक घुमट बघा, कडा किती एकसारखी, जाडी किती कमी, हे हाताने क्लेमध्ये करायला बसलात तर संध्याकाळ जाईल आणि तरी ते असं होणार नाही. आपलं काम एवढंच की ही वस्तू बारा पट मोठ्या जगात काय आहे ते ओळखायचं. ओळख चुकली की कितीही सुंदर रंगवा, ती वस्तू टोपणच दिसणार.

स्केल बदललं की ओळख पण बदलते हं. बार्बीच्या मापाची बाहुली साडेअकरा इंचाची असते, तिचं स्केल एकास सहा धरतात, तिथे हेच टोपण १८ सेंटिमीटरचं होतं आणि मग सॅलडचा बाऊल म्हणून छान चालतं. एकास चोवीसमध्ये ते ७२ सेंटिमीटर, म्हणजे खाली एक दांडा लावला की दोघांचं छोटं गोल टेबल तयार. त्यामुळे "टोपणापासून काय करता येईल" या प्रश्नाला उत्तरच नाही, आधी स्केल सांगा मग बोलू. आणि एकदा ठरवलेलं स्केल त्या घरात तरी सोडायचं नाही, कारण एकास बाराच्या खुर्चीशेजारी एकास सहाचा कप ठेवला तर तो कप बादलीएवढा दिसतो आणि बघणाऱ्याची नजर फक्त तिथेच अडकून राहते.

तर आता एकास बारा धरून पुढे जाते. शर्टाचं बटण ११ मिलिमीटरचं, म्हणजे १३ सेंटिमीटर, बशी. कोटाचं मोठं बटण २२ मिलिमीटरचं, म्हणजे २६ सेंटिमीटर, जेवणाची प्लेट, भोकं पुट्टीने बुजवायची आणि वर दोन हात रंगाचे, किंवा भोकांवर काहीतरी वाढून ठेवायचं म्हणजे तेवढंही करायला नको. काडेपेटीचा आतला ड्रॉवर साधारण ५ सेंटिमीटर लांब आणि साडेतीन रुंद, म्हणजे खऱ्यात ६० बाय ४२, कपड्यांच्या कपाटाचा खण जवळपास याच मापाचा असतो. म्हणून चार काडेपेट्या एकावर एक चिकटवून केलेलं खणांचं कपाट इतकं बरोबर दिसतं, ती आयडिया कितीही जुनी असो, ती टिकली कारण तिचं माप बरोबर आहे. त्याला हँडल म्हणून छोट्या स्टेपलरची पिन लावा, ती साडेआठ-नऊ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे १० सेंटिमीटरचं हँडल, आणि तिची तार अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे खऱ्यात ६ मिलिमीटरची सळई. अगदी फर्निचरवर असतं तसंच. मणी लावतात बरेच जण, पण चार मिलिमीटरचा मणी म्हणजे जवळपास पाच सेंटिमीटरचा गोळा होतो, तो एखाद्या जुन्या भारी कपाटाला शोभेल, साध्याला नाही.

पेनाची रिफिल ३ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा पाइप, सिंकखाली लावायला. पेनाची बाहेरची नळी ८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास १० सेंटिमीटर, घराबाहेरच्या भिंतीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप. जुन्या कॉम्पॅक्ट पावडरचा गोल आरसा भिंतीवर लावला की ६०-७० सेंटिमीटरचा देखणा आरसा होतो आणि तो खरा आरसा असल्यामुळे त्यात समोरची खोली दिसते, खोली दुप्पट मोठी वाटायला लागते.

माझा सगळ्यात आवडता गुणाकार मात्र पन्हळी पुठ्ठ्याचा आहे. पार्सलच्या खोक्याचा जो नेहमीचा पुठ्ठा असतो ना, तीनेक मिलिमीटर जाडीचा, त्याच्या आतल्या दोन लाटांमधलं अंतर साधारण साडेसहा मिलिमीटर असतं. गुणिले बारा केलं की ७८ मिलिमीटर. आणि छपरावर घालतात त्या नालीदार पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर असतं ७६ मिलिमीटर. म्हणजे जगातल्या प्रत्येक खोक्याच्या पोटात एकास बाराचं पत्र्याचं छप्पर आयतं तयार आहे! पुठ्ठ्याच्या वरच्या कागदावर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवायचं, गम सुटतो, कागद हळूच सोलायचा, लाटा उघड्या पडतात, मग पूर्ण वाळू द्यायचं. वाळल्याशिवाय हात लावला की लाटा दबतात. वर पातळ केलेल्या पांढऱ्या गमचा एक हात द्यायचा म्हणजे लाटा कडक होतात, मग राखाडी रंग, मग कडांना आणि खिळ्यांच्या जागी गंजाचा तपकिरी-केशरी रंग स्पंजने थोपटून. पत्र्यावर गंज नेहमी खाली ओघळतो, एवढं लक्षात ठेवून वरून खाली ब्रश ओढला की काम झालं. एक मात्र, खऱ्या पत्र्याची शीट साधारण तीन फूट रुंद असते, म्हणून अख्खं छप्पर एका तुकड्यात करू नका, साडेसात सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून एकमेकींवर एक-दीड लाट चढवत लावा, तो जोड दिसला की छप्पर खरं वाटतं.

आता जाडी. लांबी-रुंदीचं सगळे बघतात, जाडी कुणी मोजत नाही आणि घर "हस्तकला" दिसण्याचं अर्धं कारण ही जाडी असते. कपाटाच्या दाराचा प्लाय खऱ्यात १८ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्याला दीड मिलिमीटर पुठ्ठा हवा, वहीच्या किंवा पॅडच्या मागचा जाड पुठ्ठा साधारण त्या जवळपास येतो, पट्टीने मोजून घ्या. खोक्याचा ३ मिलिमीटरचा पुठ्ठा दारासाठी वापरला तर ते दार साडेतीन सेंटिमीटर जाड झालं, तिजोरीसारखं. साधा प्रिंटरचा कागद एक दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे खऱ्यात सव्वा मिलिमीटर, पुठ्ठ्याएवढा! त्यामुळे ज्याची पानं उलटता येतील असं पुस्तक करायचं तर फार तर दहा-बारा पानं घालता येतात, त्याहून जास्त घातली की ते पुस्तक विटेसारखं दिसतं. शेल्फवरच्या पुस्तकांना पानं लागतच नाहीत, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जुन्या मासिकातल्या छोट्या अक्षरांची पट्टी गुंडाळायची, उंची १६ ते २० मिलिमीटरच्या मध्ये आणि प्रत्येक पुस्तकाची वेगळी, तीन-चार आडवी ठेवायची, एक कललेलं ठेवायचं. सगळी सरळ एका उंचीची लावली तर ते दुकान वाटतं, कुणाचं तरी घर वाटत नाही.

कापडाचं दुखणं याहून मोठं आहे आणि त्यामागे थोडं गणित आहे. नेहमीचं सुती कापड पाव-अर्धा मिलिमीटर जाड, बाराने गुणलं की तीन ते सहा मिलिमीटर, म्हणजे आपण बाहुलीच्या खिडकीला पडदा म्हणून गालिचा लावतोय. आणि त्याहून वाईट म्हणजे वजन. जाडी तीच राहिली तरी लांबी आणि रुंदी बारा-बारा पट कमी झाली की कापडाचं वजन बारा गुणिले बारा, म्हणजे १४४ पट कमी होतं. पडद्याच्या घड्या पडतात त्या कापडाच्या स्वतःच्या वजनाने पडतात, आणि इथे वजनच नाही, म्हणून छोट्या पडद्याचं कापड खाली न पडता घागऱ्यासारखं फुलून उभं राहतं. चादर पलंगावरून उतरत नाही, तंबूसारखी ताठ राहते. हे कापड चांगलं नाही म्हणून होत नाही, नवीन महागडं कापड आणून पण हेच होणार. यावर उपाय दोन. एक, धुऊन धुऊन विरलेलं कापड घ्या, जुना रुमाल, मलमल, फाटलेल्या शर्टाच्या खिशाच्या आतलं अस्तर, जितकं जीर्ण तितकं चांगलं, म्हणून इथे टाकाऊ कापड हे नव्यापेक्षा खरोखरच वरचढ आहे. दोन, घड्या गुरुत्वाकर्षणावर सोडायच्याच नाहीत, आपण बसवायच्या. पांढरा गम पाण्यात एकास तीन-चार पातळ करायचा, कापड त्यात भिजवून पिळायचं, थर्मोकोलच्या तुकड्यावर प्लास्टिकची पिशवी पसरून त्यावर टाचण्यांनी एकेक घडी टोचत जायचं आणि रात्रभर सोडायचं. सकाळी पडदा सुटतो तो आपण पाडलेल्या घड्यांसकट. चादर थेट पलंगावर बसवायची, एक कोपरा मुद्दाम खाली लोंबू द्यायचा, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा.

पाणी पण असंच फसवतं. खरं पाणी छोट्या सिंकमध्ये भरलं तर ते पाण्यासारखं दिसत नाही, कारण थेंबाचा आकार आपल्या स्केलने लहान होत नाही, पाच मिलिमीटरचा थेंब तिथे सहा सेंटिमीटरचा गोळा होऊन बसतो. म्हणून पारदर्शक गम किंवा रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखा कडक होणारा द्रव. गम असेल तर एकदम ओतू नका, वाळताना तो आक्रसतो आणि मध्ये खड्डा पडतो, पातळ थर द्या, एक वाळला की दुसरा.

आता या सगळ्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. वस्तूची जुनी ओळख पुसणं. माप बरोबर असूनही वस्तू टोपण दिसत राहते त्याची कारणं ठरलेली आहेत. बाहेरच्या उभ्या रेघा, आतले आटे, वरचं छापलेलं नाव, साच्याचा बारीक उंचवटा आणि ती प्लास्टिकची चमक. ही पाच पुसल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. टोपणाच्या उभ्या रेघांवर मी पातळ कागदाची पट्टी गमने गुंडाळते, रेघा झाकल्या जातात आणि रंगाला धरायला कागद पण मिळतो. आतले आटे दिसणार असतील तर आत काहीतरी भरायचं, कपडे, माती, खोटं पाणी. साच्याचा उंचवटा पॉलिश पेपरने घासायचा, आधी जरा जाडा मग बारीक.

आणि रंग का पोपडे होऊन निघतो ते पण सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि उत्तर त्या वस्तूच्या बुडाशी छापलेलं असतं. प्लास्टिकच्या वस्तूवर त्रिकोणात एक आकडा असतो. २, ४ आणि ५ हे आकडे असलेलं प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन, हे तेलकट स्वभावाचं, त्याला गम धरत नाही आणि रंगही धरत नाही, नखाने सोलला की अख्खी साल निघते. बाटल्यांची टोपणं बहुतेक याच जातीतली. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्या, खाऊचे पारदर्शक डबे, आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, हे त्यामानाने ऐकतात. म्हणून २-४-५ वाल्या वस्तूवर नुसता ब्रश फिरवून उपयोग नाही, आधी साबणाने धुवा, पॉलिश पेपरने पूर्ण मॅट होईपर्यंत घासा, प्लास्टिकचा प्रायमर, म्हणजे रंग धरायला आधी द्यायचा हात, मिळाला तर द्या, नाहीतर कागद गुंडाळा. जोड द्यायचा असेल तर गमच्या भरवशावर राहू नका, गरम टाचणीने भोक पाडून तार आरपार काढा.

सुपरग्लू पारदर्शक प्लास्टिकजवळ वापरू नये, त्याची वाफ बसून खिडकीच्या काचेवर पांढरं धुकं येतं आणि ते पुसून जात नाही. खिडकीसाठी पांढरा गम, तो वाळला की दिसत नाही. थर्मोकोलवर स्प्रे पेंट मारू नका, त्यातल्या सॉल्व्हंटने थर्मोकोल विरघळतो, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक वापरा. ग्लू गन मला या कामात आवडत नाही. झटपट होतं हे खरं, पण गमचा दोन मिलिमीटरचा गोळा बाहेर आला की तो तिथे अडीच सेंटिमीटरच्या ढेकळासारखा दिसतो, आणि त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा सगळीकडे. आतून, न दिसणाऱ्या जागी, भिंती जोडायला ठीक आहे.

लाकडी फ्लोअरबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण एक चांगला फ्लोअर घातला की खोलीतल्या निम्म्या चुका त्यात झाकल्या जातात. आइस्क्रीमची काडी १० मिलिमीटर रुंद आणि २ जाड, म्हणजे खऱ्यात १२ सेंटिमीटर रुंदीची आणि अडीच सेंटिमीटर जाडीची फळी, जुन्या घरांच्या फ्लोअरला असायची तशीच. दोन्ही गोल टोकं कापून टाका. आणि चिकटवायच्या आधी रंगवा, नंतर नाही, कारण गमचा डाग पडला तिथे लाकूड रंग पीत नाही, ठिपका पांढरा राहतो आणि मग काही करता येत नाही. रंगाला विकत काही आणायची गरज नाही. उकळलेल्या चहाच्या कडक पाण्यात काड्या तासभर बुडवल्या तर मधासारखा रंग येतो. जुनं, पावसाने करडं पडलेलं लाकूड हवं असेल तर काचेच्या बरणीत व्हिनेगर घ्या, त्यात गंजके खिळे किंवा साधं स्टील वूल टाका (भांड्यांची न गंजणारी स्टीलची घासणी चालत नाही), झाकण घट्ट लावू नका कारण त्यातून गॅस सुटतो, एक-दोन दिवस ठेवा. आधी चहात बुडवून वाळवलेल्या काडीवर ब्रशने हे पाणी लावलं की बघता बघता काडी करडी-काळपट होत जाते. चहातलं टॅनिन आणि व्हिनेगरमध्ये विरघळलेलं लोखंड यांचा तो परिणाम. काड्यांच्या लाकडात स्वतःचं टॅनिन फारसं नसतं म्हणून आधी चहा. प्रत्येक काडी थोडी वेगळी रंगते, ते चांगलंच आहे, एकसारख्या करायच्या भानगडीत पडू नका.

लावताना जोड एका रेषेत येऊ देऊ नका. प्रत्येक फळीच्या टोकाला टाचणीने दोन टोचे मारून त्यात पेन्सिलीचं टोक फिरवलं की खिळे झाले. मग सगळ्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने, आणि जिथून बाहुल्या ये-जा करतील तिथे जरा जास्त, म्हणजे दारापासून टेबलापर्यंतची वाट उजळ झाली पाहिजे. हीच गोष्ट कपाटाच्या हँडलभोवती, खुर्चीच्या हातांवर, जिन्याच्या पायरीच्या मधोमध. माणसांचे हात लागून लागून वस्तू जिथे झिजतात तिथे झिजवायचं. बघणारा ती झीज ओळखतो, त्याला मुद्दाम दाखवावी लागत नाही.

झीज आणि बारकाव्यांचा विषय निघाला की मला फ्रान्सिस ग्लेसनर ली आठवतात. अमेरिकेत १९४० च्या दशकात त्यांनी एकास बारा मापात गूढ मृत्यूंच्या जागांचे देखावे तयार केले, पोलिसांनी घटनास्थळ कसं वाचावं हे शिकवायला. खेळण्यासाठी नाहीच. त्या छोट्या बाहुल्यांचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले होते. त्यातले १८ देखावे बाल्टिमोरच्या मेडिकल एक्झामिनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या, ऑफिसमध्ये आहेत आणि प्रशिक्षणाला अजून वापरले जातात. मला यातून जे कळलं ते असं की बाहुलीघरातली प्रत्येक वस्तू काहीतरी सांगत असते, कुणी इथे राहत होतं, त्याने हे असं ठेवलं, हे तिथे पडलं. त्याच्या उलट टोकाला १९२१ ते १९२४ मध्ये आर्किटेक्ट एडविन ल्यूटन्सच्या डिझाइनवर झालेलं ब्रिटनच्या राणीचं, क्वीन मेरीचं बाहुलीघर, हेही एकास बाराच, नळाला पाणी येतं, दिवे लागतात, त्यासाठी त्या काळातले नामांकित कारागीर, चित्रकार, लेखक राबले. ते बघून थक्क व्हायला होतं. तरी माझं मन लींच्या खोल्यांकडे जास्त ओढ घेतं, कारण तिथे साध्या माणसांची साधी घरं आहेत, वापरून जुनी झालेली, आणि टाकाऊ वस्तूंनी असलीच घरं चांगली होतात. राजवाडा करायला सोनं लागतं, भाड्याची खोली करायला घरातला कचरा पुरतो आणि तो तिथे जास्त खरा दिसतो.

वॉलपेपरसाठी एक जागा सांगते जी फार जणांच्या लक्षात येत नाही, पत्रं आणि बिलं येतात त्या पाकिटांची आतली बाजू. आतला मजकूर बाहेरून वाचता येऊ नये म्हणून तिथे बारीक निळी-करडी नक्षी छापलेली असते, आणि ती नक्षी इतकी बारीक असते की एकास बारात अगदी बरोबर बसते. गिफ्टचा कागद बहुतेक वेळा फसतो कारण त्यावरचं तीन सेंटिमीटरचं फूल भिंतीवर एक फुटापेक्षा मोठं होतं. पाकिटं उलगडून इस्त्री करून ठेवा, एका खोलीला एकाच प्रकारची लागतात, म्हणून साठवताना प्रकार वेगळे ठेवा.

आणि साठवण्यावरून, हे मला अगदी मनापासून सांगायचंय. आइस्क्रीमच्या काड्यांचं नवीन पाकीट विकत आणून "रिसायकल" म्हणू नका. आणा, वापरा, त्यात वाईट काही नाही, फक्त ते टाकाऊतून टिकाऊ नाही, ती नवीन लाकडाची खरेदी आहे. तसंच टोपण हवं म्हणून बाटली विकत घेणं. या छंदाची मजाच अशी की घरात जे येतं त्यातून घर उभं राहतं, मग त्या घराला ज्या घरातून ते आलं त्याची चव येते. आणि सगळं साठवायचं पण नाही. एक खोका, तेवढाच. भरला की नवीन काही टाकायच्या आधी जुनं काढायचं, आणि काढताना प्रत्येक वस्तूला बाराने गुणून बघायचं, उत्तर मिळालं तर राहील, नाही मिळालं तर ती रद्दीत किंवा भंगारात जाईल जिथून तिचं खरंच काहीतरी होईल. धूळ खात पडलेली शंभर टोपणं म्हणजे पुनर्वापर होत नाही.

घरात लहान मुलं असतील तर दोन गोष्टी फार काळजीपूर्वक. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाताला यातलं काहीही लागू देऊ नका, मणी, बटणं, टाचण्या सगळं तोंडात जाणारं आहे. आणि छोट्या दिव्यांसाठी बटण सेल वापरत असाल तर तो कप्पा स्क्रूने बंद होणाराच हवा, सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला थोड्याच वेळात भाजल्यासारखी गंभीर इजा होते, तसं झाल्याचा संशय जरी आला तरी वाट न बघता दवाखाना. पत्र्याचा कॅन कापलात तर कडा आत दुमडा.

काम झालं की मोबाइलने फोटो काढून बघा, डोळ्यांना जे सवयीने दिसेनासं होतं ते फोटोत लगेच दिसतं. फक्त वरून काढू नका. एकास बाराच्या जगात उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेबारा-तेरा सेंटिमीटरवर असतात, त्या उंचीवरून काढा, बसलेल्याच्या नजरेतून हवा असेल तर मोबाइल उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येते. जे चुकलंय ते ओरडून सांगतं, जाड दार, फुललेला पडदा, चमकणारं प्लास्टिक.

सध्या माझ्याकडे बाथरूम चालू आहे. बेसिनला गोळ्यांच्या स्ट्रिपमधला घुमट लहान पडला, १२ सेंटिमीटरचं बेसिन कुणी बसवत नाही, तो साबणदाणीला गेला आणि बेसिन झालं ते कॉन्टॅक्ट लेन्सच्या जुन्या डबीच्या एका कप्प्याचं, अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे ३० सेंटिमीटर, छोट्या बाथरूमला पुरे. त्याची झाकण लावायची आट्यांची कड घासून काढायला वेळ लागला, पण आत तो आधीच पांढरा आणि गुळगुळीत होता, रंग लागलाच नाही. नळ म्हणजे तुटलेल्या कानातल्याचा आकडा, खाली वळवलेला, आणि दोन्ही बाजूंना मोहरीएवढे मणी. फरशीला अंड्याची टरफलं, आतला पापुद्रा काढून, वाळवून, गमवर ठेवून बोटाने दाबायची, ती आपोआप तडकून मोझॅक होतं आणि भेगांत करडा रंग भरून वरून पुसून घ्यायचा. शॉवर बरेच दिवस सापडत नव्हता, साधारण १५ सेंटिमीटरचा शॉवर म्हणजे इथे १२-१३ मिलिमीटर हवा, चपटा, गोल, धातूचा आणि भोकं असलेला. शिवणाच्या डब्यात टिच बटण मिळालं. भोकं मोजून चारच आहेत कडेला, पण मागून पेनाच्या स्प्रिंगची तार सरळ करून लावली आणि वर वाकवून भिंतीत घातली की ते शॉवर म्हणून बसलं, आणि त्या बटणाचा दुसरा अर्धा भाग मी खाली फरशीत पाण्याच्या जाळीच्या जागी बसवला.